एक भेजा, दोन रंगाची लोकर आणि आवक-जावक: लहान मेंदूचे तीन देठ कसे समजून घ्यायचे

सेरेबेलमचे, म्हणजे लहान मेंदूचे, ट्रॅक्ट (चेतातंतूंचे रस्ते) डोक्यात बसत नाहीत म्हणून दर वर्षी कोणी ना कोणी रडकुंडीला येऊन फोन करतंच. फिजिओवाले असतात, बीएएमएसवाले असतात, परभणीची व्हेटरनरीची पोरं असतात आणि लातूरच्या क्लासमधली नीटची लेकरं पण असतात, त्यांना खरं तर इतकं लागतच नाही तरी विचारतात. सगळ्यांकडं लहान मेंदूला ब्रेनस्टेमशी जोडणाऱ्या तीन दांड्यांचा, म्हणजे पेडंकलचा, तोच तक्ता असतो, वरचा पेडंकल, मधला पेडंकल, खालचा पेडंकल, त्याखाली दहा-बारा नावं, आणि सगळे तो पाढ्यासारखा घोकायलेत.

मी पण घोकला होता, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी तक्ता विचारलाच नाही, एवढंच म्हणले की उजव्या बाजूचा लहान मेंदू गेला तर थरथर कोणत्या हाताला? मी छाती फुगवून म्हणलो, डाव्या. सर काही बोलले नाहीत, पुढच्या पोराकडं वळले. त्या दिवशी कळलं की नावं येणं वेगळं आणि कोणता माल कोणत्या गेटानं येतो, कुठं बाजू बदलतो हे कळणं वेगळं.

तर ही पद्धत त्यासाठी आहे. एक बोकडाचा भेजा, जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू, लाल आणि हिरवी लोकर, टाचण्या, नवं ब्लेड आणि हातमोजे एवढं लागतं. बोकड असो, उंदीर असो की माणूस, सस्तन प्राण्यांत ही मांडणी मुळात एकच आहे, फक्त कोणता देठ जाड आणि कोणता बारीक हे बदलतं. पेडंकलला मी देठच म्हणणार आहे, कारण ते दिसतात तसेच.

भेजा आणणं (इथंच निम्मे लोक फसतात)

मटणाच्या दुकानात नुसतं "भेजा द्या" म्हणलं की तो सत्तूर घालून मुंडीचे बरोबर दोन भाग करणार आणि चमच्यानं भेजा खरवडून पिशवीत टाकणार. खायला ठीक आहे, आपल्या कामाचा नाही. ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा खालचा दांडा, तर त्यानं मान कापतानाच तोडलेलं असतं. म्हणून आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवा की मानेचा पहिला मणका मुंडीलाच राहू द्या, आणि फोडताना शिंगांच्या मागं जोरात मारू नका, बाजूनं हाड काढा. शक्यतो रविवार सोडून जा, रविवारी त्याला तुमचं ऐकायला वेळ नसतो. मागं मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्या मध्ये एक चिवट पडदा असतो, तो कात्रीनं कापल्याशिवाय लहान मेंदू सुटत नाही, ओढला की देठ तुटतात. आमच्या पहिल्या दोन मुंड्या यातच वाया गेल्या. मधून फोडलेला भेजा मिळाला तरी टाकून देऊ नका, तो पुढं कामाला येतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. रस्त्यावर मेलेलं कुत्रं, मांजर, शेतात कशानं तरी मेलेलं वासरू, यांची डोकी फोडायची नाहीत. रेबीजचा विषाणू मेंदूतच बसलेला असतो, आणि १९०३ मध्ये नेग्री यांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलेले ते लाल ठिपके गाई-म्हशींत तर याच लहान मेंदूच्या पुर्किन्ये नावाच्या मोठ्या पेशींत शोधतात. त्यामुळं भेजा फक्त तपासणी होऊन कापलेल्या निरोगी जनावराचा, आणि तरीही हातमोजे घालूनच.

ताजा भेजा दह्यासारखा असतो, ब्लेड लावलं की पसरतो. कॉलेजच्या लॅबमध्ये असाल तर १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे बाटलीतलं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. घरी फॉर्मॅलिन आणू नका, डोळ्यांत-नाकात झोंबतं आणि कॅन्सरचा धोका असणारं रसायन आहे ते. घरी एवढंच करा, बायका भेजा फ्राय करायच्या आधी जसा पाण्यात उकळून घट्ट करून घेतात तसा मिठाच्या पाण्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. हळद टाकू नका म्हणजे झालं, माझ्या आईनं सवयीनं टाकली आणि व्हाइट मॅटर (तंतूंचा पांढरा भाग), ग्रे मॅटर (पेशींचा राखाडी भाग) सगळं पिवळंधमक. बारीक तंतू यात दिसत नाहीत, पण देठ ओळखायला पुरतं.

लॅबमधल्या भेज्यासाठी अजून एक भारी युक्ती आहे, स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या क्लिंगलर यांची, १९३०च्या दशकातली. फॉर्मॅलिनमध्ये पक्का झालेला भेजा धुऊन आठ-दहा दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि मग पाण्यात वितळू द्यायचा. तंतूंच्या मधल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो, तंतू एकमेकांपासून सुटे होतात, आणि मग आईस्क्रीमच्या लाकडी काडीनं पदर सोलत गेलं की उकडलेल्या मटणाचे धागे निघावेत तसे तंतूंचे जुडगे निघतात. स्टीलचं काही वापरू नका, फाटतं.

उलटा करा आणि नुसतं बघा

लगेच ब्लेड लावायचं नाही. बोकडाचा अख्खा भेजा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, मुठीत मावतो. मागच्या बाजूला सुरकुत्या पडलेला फुगीर गड्डा आहे तो लहान मेंदू, शाळेच्या पुस्तकातलं अनुमस्तिष्क. त्याच्या खालून जाणारा पांढरा दांडा म्हणजे ब्रेनस्टेम. पोटाकडून बघितलं की पुढं मिडब्रेन, मग आडवा फुगीर पट्टा म्हणजे पॉन्स, मग मेड्युला आणि मग मेरुरज्जू.

इथं एक फसगत ठरलेली आहे. बोकडात पॉन्सच्या मागं लगेच दुसरा एक बारीक आडवा पट्टा दिसतो आणि पोरं त्यालाच पॉन्स समजतात. तो ट्रॅपेझॉइड बॉडी, ऐकण्याच्या रस्त्याचा, त्याचा लहान मेंदूशी संबंध नाही. माणसात तो दिसत नाही कारण माणसाचा पॉन्स एवढा दांडगा आहे की त्याखाली तो झाकला जातो. उलट ऑलिव्ह नावाचा उंचवटा माणसाच्या मेड्युलावर शेंगदाण्याएवढा उठून दिसतो आणि बोकडात वरून दिसतच नाही, आत दडलेला असतो. त्यामुळं माणसाचा ॲटलस समोर ठेवून बोकड बघायला बसलं की तासभर भांडण होतं.

पॉन्सच्या कडेला एक जाड नस बाहेर आलेली असते, पाचवी, ट्रायजेमिनल. ती सापडली की खूण सापडली, तिथून वर लहान मेंदूकडं जाणारा जाड पांढरा दंड म्हणजे मधला देठ.

एकाच बाजूचे देठ कापा

उजव्या बाजूचे तीनही देठ ब्रेनस्टेमला लागून हळूहळू कापायचे आणि डाव्या बाजूला हात लावायचा नाही. मग लहान मेंदू डाव्या बिजागरीवर पेटीच्या झाकणासारखा उघडतो आणि खाली चौथ्या व्हेंट्रिकलचा (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचा) शंकरपाळ्याच्या आकाराचा तळ दिसतो. आता उजव्या कापलेल्या जागेकडं बघा. सगळ्यात बाहेर मधला देठ, त्याच्या आत खालचा, आणि मध्यरेषेच्या सगळ्यात जवळ वरचा. नावाप्रमाणं मधला मधोमध असेल असं वाटतं, नसतो, तो बाहेर असतो. हे एकदा डोळ्यानं बघितलं की परत विसरत नाही.

वरचा देठ मिडब्रेनकडं जातो, मधला पॉन्सकडं, खालचा मेड्युलाकडं. व्हेटरनरीवाले वरच्याला रोस्ट्रल आणि खालच्याला कॉडल म्हणतात, कारण जनावर आडवं चालतं, त्याला वर-खाली काय कामाचं. तीन नावांच्या जागी पाच नावं झाली म्हणून घाबरू नका.

दुकानदारानं मधून फोडलेला जो भेजा ठेवला होता तो आता घ्या. लहान मेंदूच्या कापावर पांढरं झाड दिसतं, बाभळीसारखं फाटलेलं. झाडाचं खोड म्हणजे येणारे-जाणारे तंतू, आणि त्या खोडात पुरलेले राखाडी गोळे म्हणजे डीप न्यूक्लिआय (पेशींचे आतले गठ्ठे), ते मध्यरेषेच्या जरा बाजूला नीट सापडतात. बोकडात एका बाजूला तीन मोजतात, माणसात चार.

आता कॅलेंडर उलटं करा: आवक

मोंढा, म्हणजे धान्याचा मोठा बाजार, डोळ्यासमोर आणा. तीन गेट आहेत. मधल्या गेटातून फक्त आवक. खालच्या गेटातून बहुतेक आवक, थोडी जावक. वरच्या गेटातून बहुतेक जावक, थोडी आवक. तक्त्यातली दहा नावं या तीन वाक्यांत बसतात. आणि हा मोंढा असा विचित्र आहे की माणसात आत येणारे तंतू ४० असतील तर बाहेर जाणारा १, म्हणजे माल ढीगभर येतो आणि बाहेर पडते नुसती चिठ्ठी.

कागदावर मधोमध उभी रेघ मारा, दोन्ही बाजूंना लहान मेंदूचे अर्धे, खाली पॉन्स, मेड्युला, मेरुरज्जू, वर मिडब्रेन आणि मोठा मेंदू काढा. लाल लोकर म्हणजे आवक.

मधल्या देठापासून सुरू करा कारण सगळ्यात सोपा. डाव्या मोठ्या मेंदूतून निघालेला तंतू डाव्याच पॉन्समधल्या न्यूक्लिआयपर्यंत येतो, तिथं टाचणी. तिथून नवा तंतू मध्यरेषा ओलांडून उजव्या मधल्या देठातून उजव्या लहान मेंदूत. मोठा मेंदू म्हणतो, मी हात उचलायला लागलोय बरंका, आणि त्या हुकमाची कॉपी या रस्त्यानं जाते. माणसात एका मधल्या देठात साधारण २ कोटी तंतू मोजतात, आणि हुकूम खाली नेणाऱ्या पिरॅमिडल ट्रॅक्टमध्ये एका बाजूला साधारण १० लाख, म्हणजे हुकमापेक्षा कॉपी वीस पट. बोकडाचा पॉन्स छोटा का, तर त्याचा कॉर्टेक्सच (मोठ्या मेंदूची वरची साल) तेवढा नाही.

खालच्या देठात गर्दी आहे. पाठीमागचा स्पायनोसेरेबेलर ट्रॅक्ट पायांच्या आणि धडाच्या स्नायूंची ताणाची खबर मेरुरज्जूतल्या क्लार्कच्या कॉलम नावाच्या पेशींच्या खांबामधून आणतो, बाजू बदलत नाही, उजव्या पायाची खबर उजव्या लहान मेंदूत. हे तंतू शरीरातल्या सगळ्यात वेगवानांपैकी, सेकंदाला १२० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ४०० किलोमीटरच्या वर, आपली नंदीग्राम एक्स्प्रेस कुठं आणि हे कुठं. हातांची खबर वेगळ्या फाट्यानं येते, मेड्युलातल्या ॲक्सेसरी क्युनेट न्यूक्लिअसमधून, तीही न ओलांडता. कानातल्या तोलाच्या अवयवाची नस तर काही तंतू मध्ये कुठं न थांबवता थेट लहान मेंदूत पाठवते. आणि ऑलिव्हचे तंतू येतात ते मात्र पलीकडच्या बाजूनं, मध्यरेषा ओलांडून. ही लाल लोकर तिरपी लावा आणि तिला गाठ मारून ठेवा, पुढं लागणार.

वरच्या गेटातून येणारी चुकार आवक म्हणजे पुढचा स्पायनोसेरेबेलर ट्रॅक्ट. तो मेरुरज्जूतच एकदा बाजू बदलतो, वर मिडब्रेनच्या जवळून वळसा घालून वरच्या देठातून आत शिरतो आणि आत गेल्यावर परत बाजू बदलतो. दोनदा ओलांडलं, म्हणजे आला तिथंच आला. परीक्षेत हाच विचारतात, का तर पेपर काढणाऱ्याला पण हाच नडला असणार.

आत काय होतं (हे थोडक्यात)

आत आलेल्या आवकेचे दोन प्रकार. पॉन्स, मेरुरज्जू आणि कानाकडचे ते मॉसी तंतू, शेवाळासारखे पसरणारे, ते ग्रॅन्यूल पेशींना खबर देतात आणि तिथून पॅरलल तंतू निघतात, एका पुर्किन्ये पेशीला असे लाख-दोन लाख. गाठ मारलेली ऑलिव्हची लोकर म्हणजे क्लाइंबिंग तंतू, मोठ्या वयात एका पुर्किन्ये पेशीला फक्त एक, पण गुळवेलीसारखा अंगभर चढलेला. तो सेकंदाला साधारण एकदाच बोलतो, पण बोलला की अख्खी पेशी हलते. बहुतेक अभ्यासक मानतात की तो चूक सांगणारा मुनीम आहे, आणि त्याच्या ओरडण्यानंच पॅरलल तंतूंच्या म्हणण्याचं वजन कमी-जास्त होत जातं. मला पण हे पटतं, बाकी अजून भांडणं चालूच आहेत.

पुर्किन्ये पेशी १८३७ मध्ये चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी दाखवली. गंमत अशी की ती पुढं फक्त "थांब" म्हणते, डीप न्यूक्लिआयना दाबून धरते. म्हणजे लाखो तंतूंचा हिशोब करून शेवटी कुठं हात ढिला सोडायचा एवढंच ती ठरवते. आणि पेशींची संख्या बघा, माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, त्यातले ६९ अब्ज या वजनानं दहा टक्के असणाऱ्या गड्ड्यात. हत्तीत तर २५७ अब्जांपैकी २५१ अब्ज लहान मेंदूत निघाले, सोंडेचा कारभार असेल असं म्हणतात.

जावक आणि माझ्या व्हायवाचं उत्तर

हिरवी लोकर घ्या. उजव्या लहान मेंदूच्या डेंटेट नावाच्या डीप न्यूक्लिअसमधून वरच्या देठानं निघा, मिडब्रेनमध्ये इन्फिरिअर कॉलिक्युलस नावाच्या उंचवट्याच्या पातळीवर मध्यरेषा ओलांडा, डाव्या रेड न्यूक्लिअसला हात लावा, डाव्या थॅलॅमसला (मोठ्या मेंदूच्या आतलं ठाणं) जा, तिथून डाव्या मोटर कॉर्टेक्सला, म्हणजे हालचालीचा हुकूम देणाऱ्या सालीला. आता डाव्या कॉर्टेक्सचा हुकूम खाली येताना मेड्युलाच्या तळाशी परत बाजू बदलतो आणि उजव्या हाताला जातो. हिरवी लोकर बोटानं धरून चालत जा, उजवीकडून निघालात आणि उजवीकडंच आलात. म्हणून लहान मेंदूची बिघाडाची बाजू आणि हाताची बाजू एकच. हे बोटानं केलं असतं तर मी छाती फुगवलीच नसती.

एक छोटी हिरवी लोकर खालच्या देठातून पण काढा. मध्यरेषेजवळच्या फास्टिजियल न्यूक्लिअसमधून तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर न्यूक्लिआयकडं. आणि फ्लॉक्युलस नावाच्या कडेच्या तुकड्यातले पुर्किन्ये तंतू तर डीप न्यूक्लिआयला न विचारता थेट तिकडंच जातात.

आता कात्री घ्या आणि खेळा. उजवा वरचा देठ ओलांडायच्या आधी कापला, तर कोणता हात? उजवा. ओलांडल्यानंतर डाव्या रेड न्यूक्लिअसपाशी कापला तर? तरी उजवा, म्हणजे आता जखम डावीकडं आणि त्रास उजवीकडं. डावे पॉन्टाइन न्यूक्लिआय गेले तर? परत उजवाच हात. या तिन्हींची उत्तरं लोकर बघून न अडखळता आली की तक्ता फाडून टाका. रक्तवाहिन्या पण याच क्रमानं बसतात, वरच्या देठाला सुपिरिअर सेरेबेलर, मधल्याला आयका (अँटेरिअर इन्फिरिअर सेरेबेलर), खालच्याला पायका (पोस्टेरिअर इन्फिरिअर सेरेबेलर).

स्वतःच्या अंगावर

मोबाइल समोर धरून हातानं जोरजोरात डावीकडं-उजवीकडं हलवा आणि मेसेज वाचा, नाही वाचता येत. आता मोबाइल स्थिर धरून तेवढ्याच जोरात मान हलवा, वाचता येतो. दुसऱ्या वेळी कानातून निघालेली खबर व्हेस्टिब्युलर न्यूक्लिआयमधून काही मिलिसेकंदात डोळ्याच्या स्नायूंना जाते आणि डोळा मानेच्या उलटा फिरतो. नवीन नंबरचा चष्मा लागला की दोन दिवस गरगरतं आणि मग ठीक होतं, ते फ्लॉक्युलस या रिफ्लेक्सचा काटा नव्यानं लावत असतो म्हणून.

मग एक तळहात मांडीवर भराभर उलटा-सुलटा करा, दोन्ही हातांनी आळीपाळीनं. दुसऱ्याच्या बोटाला आणि स्वतःच्या नाकाला हात लावा. टाच दुसऱ्या नडगीवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरकवा. टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चाला. पहिल्या महायुद्धात गोळ्या लागलेल्या सैनिकांवर गॉर्डन होम्स यांनी याच साध्या गोष्टी तासन्‌तास बघितल्या होत्या. यावरून स्वतःचं निदान करत बसू नका. पण घरात कोणाला एकाएकी गरगरून चालता येईना, एकाचे दोन दिसायला लागले, बोलणं जड झालं, तर "पित्त झालं असंल" म्हणून लिंबूपाणी देत बसायचं नाही, एमआरआयची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्यांना यातलं एक चित्र ओळखीचं वाटंल. गाभण शेळीला तांबं कमी पडलं की करडू कधी जन्मताच तर कधी काही आठवड्यांनी मागच्या पायांत डुलायला लागतं, चांगलं पीत असतं, डोळे टवटवीत असतात, पण मागचा भाग एका बाजूला झुकतो. मेरुरज्जूतले जे तंतू खराब होतात त्यांत स्पायनोसेरेबेलर ट्रॅक्ट पण असतात, म्हणजे लाल लोकर कापली गेली, पायाची खबर मोंढ्यापर्यंत पोचतच नाही. तांबं मनानं पाजू नका, शेळ्या-मेंढ्यांना जास्तीचं तांबं विषासारखं बाधतं, जनावरांच्या डॉक्टरला विचारून द्या.

काम झालं की फॉर्मॅलिनमधला भेजा लॅबच्या ठरलेल्या डब्यातच टाका. घरी उकळलेला परसात हातभर खोल खड्डा करून पुरा आणि वर दगड ठेवा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. ब्लेड कागदात गुंडाळून टाका. लोकर लावलेलं कॅलेंडर मात्र भिंतीवर राहू द्या, माझ्याकडचं अजून आहे, फक्त ऑलिव्हची गाठ सुटलीय.